जातो म्हणा, साहेब

“ती सायकल हलवा आधी तिथनं!”

सबनीस साहेब जीपच्या बॉनेटवर चढून उभे होते. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी आणि टोपीवर वहिनीसाहेबांचा ओला रुमाल. ऊनच तसं होतं. त्या उन्हात कोंबडी बसली तर उकडलेलं अंडं घालून उठायची. हसू नका, मी मीठ लावून खाल्लंय.

सायकल होती तातूच्या नवऱ्याची. तातू ही बीबी सिवेमाची नात, आणि बीबी सिवेमा ही त्या गावची कोण म्हणाल, तर सरपंच नव्हे, पण सरपंच तिला विचारल्याशिवाय शिंकत नसे. सायकल हिरवीगार, चाकाच्या तारांत रंगीत मणी ओवलेले. तातूचा नवरा ती रोज सकाळी पुसून भिंतीला टेकवून ठेवी आणि येणारा-जाणारा थांबून चौकशी करी. त्या गावात चौकशीला तोटा नव्हता. तू बरा आहेस ना, घरचे बरे ना, काम बरं ना, शेळ्या बऱ्या ना, असं करत करत शेवटी सायकल बरी आहे ना. ती बरी आहे म्हटल्यावरच माणूस पुढं सरकायचा.

“काय म्हणतोय तुझा साहेब?” बीबीनं मला विचारलं.

“सायकल नको म्हणतायत.”

“का? चावली त्याला?”

मी साहेबांना विचारलं, का नको. ते वरनंच म्हणाले, “अरे बाबू, ही आफ्रिका आहे. फोटोत सायकल दिसली तर लोक म्हणतील, हे तर आपलं तासगाव. मग एवढ्या लांब येऊन आम्ही दाखवलं काय?”

सायकल हलली. मग झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवरचा रेडिओ हलला. एका घरावर पत्रा होता, तो हलण्यातला नव्हता, तर त्याच्यावर केळीची पानं पसरायला लावली. पत्रा घालायला त्या माणसानं किती हंगाम कष्ट काढले होते, ते मला ठाऊक होतं. तो स्वतःच शिडीवर चढून आपल्या हातानं पानं पसरत होता आणि कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

“छान. आता बायकांना सांग, पायातल्या चपला काढा.”

पाहुणे येणार म्हणून त्या बायकांनी ठेवणीतल्या चपला घातल्या होत्या. नवी रंगीबेरंगी कापडं नेसली होती, डोकी बांधली होती. मला ते तोंडातनं काढवेना. तरी काढलं.

बीबीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “विचार त्याला, आईचा फोटो काढलास तेव्हा तिच्या पायातलं काढून घेतलं होतंस का?”

“काय म्हणते?” साहेब.

“पाय भाजतात म्हणते.”

“दोन मिनिटांचा प्रश्न आहे म्हणावं.”

बायकांनी चपला काढून मागं ढीग घातला. तापल्या मातीवर सगळ्या जणी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभ्या. पुढं हा फोटो कंपनीच्या रंगीत पुस्तकात छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘आनंदाने नाचणाऱ्या ग्रामीण स्त्रिया’. ते पुस्तक आजही कुठं दिसलं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तिथं कसा, ते सांगायला पाहिजे. मिरजेकडं पिठाच्या गिरण्या बनवणारा एक कारखाना होता, त्यात मी फिटर. वय पंचविशीचं. कंपनीला बाहेरदेशी गिरण्या खपवायच्या होत्या, म्हणून तिनं डांगोरा पिटला की टांझानियातल्या खेड्यांना आम्ही गिरण्या भेट देणार. गिरणी, डिझेलचं इंजिन, पट्टा, दगड आणि मी, असा सगळा माल बोटीनं गेला. साहेब मागनं विमानानं येणार होते, गिरणी उभी राहिल्यावर.

गाव मोरोगोरो शहरापासनं आत, डोंगराच्या कुशीत. पोचलो त्या दिवशी बीबीनं नाव विचारलं. म्हटलं, बाबू. तर अख्खं गाव हसून लोळलं. त्यांच्या भाषेत बाबू म्हणजे आजोबा. मला मिसरूड धड फुटलेलं नाही आणि माझ्या बापाच्या वयाचे गडी वाकून म्हणायला लागले, “शिकामू बाबू.” शिकामू म्हणजे पाय धरतो तुमचे. त्यात बीबी म्हणजे आजी. मग कुणीतरी बोललाच, आजोबा आला म्हणजे आजीचा नवराच आला की! झालं. त्या दिवसापासनं बीबी मला चारचौघांत नवरोबा म्हणायची आणि वाट्टेल ते बोलायची. तिकडं आजा-आजीला आणि नातवंडांना एकमेकांची टर उडवायचा हक्कच असतो. त्यात रागवेल तो मूर्ख.

“नवरोबा, तुझे हात बायकांसारखे मऊ आहेत.”

“तेल-ग्रीसनं झालेत, बीबी.”

“मग माझ्या गुडघ्यांना लाव की थोडं.”

तिच्या नावाचा अर्थ मी विचारला होता. सिवेमा म्हणजे ‘बरी नव्हे’. वरची भावंडं जगेनात, म्हणून आईनं मुद्दाम वाईट नाव ठेवलं, म्हणजे कुणाची नजर पडायची नाही. आपल्याकडं दगडू-धोंडू ठेवतात, तेच. माझा सख्खा मामा धोंडू. समुद्र ओलांडून आल्यावर पहिल्यांदा तिथं कुणीतरी आपल्यातलं भेटलं असं वाटलं.

त्या गावचा दिवस मुसळानं उजाडायचा. मका आदल्या दिवशी भिजवायचा. उखळात कांडून त्याची सालं काढायची, पाखडायचं, पुन्हा कांडायचं, वाळवायचं, पुन्हा कांडायचं, तेव्हा कुठं पीठ. एका उखळात दोघी-तिघी, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली, आणि कधी एकीचं दुसरीला लागल्याचं मी पाहिलं नाही. वर गाणी. मला भाषा येईना तोवर वाटायचं, देवाची असतील. थोडी यायला लागल्यावर कळलं, सगळी नवऱ्यांना शिव्यांची. आणि त्यातलं एक तर खास माझ्यावर रचलेलं. तिकडं म्हिंदी म्हणजे हिंदुस्थानी माणूस आणि महिंदी म्हणजे मका. ‘म्हिंदी आला महिंदी दळायला, बघू कोण कोणाचं पीठ करतो.’ असं म्हणायच्या आणि माझ्याकडं बघून मुसळ हाणायच्या.

त्या पिठाचा उगाली करतात. उगाली म्हणजे आपल्या उकडीचा थोरला भाऊ. इतका घट्ट, की एकदा इंजिन डुगडुगत होतं तर मी त्याखाली पाचर म्हणून उगालीचा गोळा ठोकला. इंजिनाची काय बिशाद हलायची!

पण तातूकडं बघितलं की माझं हसू जायचं. तिचे दिवस भरत आले होते, आणि त्या पोटानिशी ती रोज मुसळ उचलायची. एकदा मी म्हटलं, “बीबी, हिला तरी बसवा.”

“बसवते. मग ती खाईल काय? तुझं इंजिन?” ती म्हणाली आणि मग जरा हळू आवाजात, “तुझी गिरणी सुरू झाली की पहिलं दळण तातूचं. हिच्या पोटातल्यानं आजवर मुसळच ऐकलंय. बाहेर येईल तेव्हा तरी दुसरं काही ऐकू दे.”

गिरणीला जागाही तिचीच. त्या मुलखात जमीन आईकडनं लेकीकडं जाते, पुरुष तिथं नांदायला येतो. साहेबांचा निरोप होता की चौथरा रस्त्याच्या कडेलाच पाहिजे. तिथं बीबीच्या आईनं लावलेलं आंब्याचं झाड उभं. गावातली चार जाणती माणसं आली, म्हणाली, परक्याच्या शब्दावर झाड पाडू नको. बीबीनं सगळ्या बायकांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “झाड माझं आणि शब्दही आता माझा. मी सांगते, गिरणी राहणार. नाही राहिली तर येऊन माझ्या तोंडात माती घाला.”

झाड पडलं. चौथरा झाला. गिरणी उभी राहिली. आणि साहेब आले, जीपमागं एक रिकामी लॉरी घेऊन, ते आल्या आल्या सायकलवर घसरले, ते सांगितलंच.

तर चपला निघाल्या. मग साहेबांनी उखळं मांडायला लावली. हा ‘गिरणी येण्याआधीचा’ फोटो. बायका कांडायला लागल्या. साहेब बॉनेटवरनं उतरून गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, “ती पोटुशी बाई पुढं घे. तिला जोरात मारायला सांग. करुण दिसलं पाहिजे.”

मी म्हटलं, “साहेब, अवघडलीय ती.”

“म्हणूनच तर!”

तातू पुढं आली. तिनं मुसळ उचललं. साहेबांना घाम हवा होता, तर घाम यायलाही वेळ लागला नाही. तेवढ्यात वहिनीसाहेबांनी गोळ्या वाटायला काढल्या. पोरांना वाटल्या, ठीक. पण रेडिओवाल्या म्हाताऱ्याच्या तळहातावरही एक लिमलेटची गोळी ठेवली आणि त्याचा गाल धरला. तो माणूस गावाची भांडणं मिटवायचा. त्यानं गोळीकडं बघितलं, वहिनीसाहेबांकडं बघितलं, आणि उठून गोळी आपल्या शेळीला चारली.

मग एकदाची गिरणी. मी हँडल मारलं, इंजिन ढुकढुकलं, पट्टा फिरला. तातूनं आपली अर्धी टोपली वर ओतली. मका आत गेला आणि खालनं पीठ आलं, पांढरं, ऊन, वाफ धरलेलं. बायकांनी जिभा हलवून अशी लांब किलकारी मारली की डोंगरातनं ती परत आली. बीबीनं दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात घातले. उचललं, हुंगलं. मग एक पसाभर घेऊन तातूच्या पोटावर चोळलं आणि पोटाशी तोंड नेऊन आतल्याला काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. साहेबांनी त्याचा फोटो काढला नाही, ते रीळ बदलत होते.

“झकास!” रीळ बसल्यावर साहेब म्हणाले. “बंद कर इंजिन. आता नट काढ आणि सगळं लॉरीत चढव.”

मला वाटलं, माझ्या कानात इंजिनाचा आवाज राहिलाय, म्हणून भलतंच ऐकू आलं.

“कशाला, साहेब?”

“कशाला म्हणजे? पुढचं गाव गाठायचंय उजेड आहे तोवर. तिथं चौथरा तयार आहे.”

“पण तिथली गिरणी वेगळी, दुसऱ्या बोटीनं आलेली असंल ना?”

“वेगळी कुठली? एकच तर आणलीय आपण. पाच गावं, पाच फोटो. कंपनी काय धर्मशाळा आहे, प्रत्येक गावाला एकेक वाटायला?”

“आणि ही माणसं?”

“कांडतातच की ती. पिढ्यान्‌पिढ्या कांडतायत. तब्येती बघ एकेकीच्या! व्यायाम होतो.”

ऐकलंत? व्यायाम! माझ्या आईचा उजवा खांदा जात्यानं खाल्ला होता. शेवटी शेवटी तिला त्या हातानं स्वतःची वेणी घालता येत नव्हती. तिच्या तब्येतीचंही असंच कुणी कौतुक केलं असणार, दारातनं जाता जाता.

मी म्हटलं, “पाना सापडत नाही, साहेब.”

“हातात आहे तुझ्या.”

होता खरा. वाकलो. पहिला नट सैल केला, दुसरा केला. बीबी जवळ आली. “बिघडलं का रे, नवरोबा?” मी मान वर केली नाही. 

तेवढ्यात साहेबांना सभ्यता आठवली. ते बीबीपुढं गेले, टोपी काढली, हात जोडले आणि आपल्या मराठीत म्हणाले, “बरं आजीबाई, येतो आम्ही.”

“काय म्हणाला?” बीबीनं मला विचारलं.

आता बघा. मी म्हणू शकलो असतो की निरोप घेतायत. पण मला विचारलं होतं, काय म्हणाला. मी शब्दाला शब्द सांगितला. माझ्या बापाचं काय गेलं?

“अनाकुजा,” मी म्हटलं. येतोय.

“येतोय? जेवायला? मग आधी सांगायचं की!” बीबीनं मागं वळून हाक मारली, “चूल पेटवा गं! कोंबडी धरा! पाहुणा जेवायला येतोय!”

दोघी कोंबडीमागं पळाल्या. साहेब हसले. “काय प्रेमळ लोक आहेत नाही, सुमती?”

आणि त्याच वेळी लॉरीचा ड्रायव्हर रमजानी इंजिनाला दोर बांधायला आला. बीबीनं दोराकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग सैल केलेल्या नटांकडं. तिला एक शब्द सांगावा लागला नाही.

ती चौथऱ्यावर चढली. पट्टा अजून चाकांवर ताणलेला होता. तिनं आधी एक पाय पट्ट्यातनं पलीकडं घातला, मग दुसरा, आणि झोपाळ्यावर बसावं तशी मधोमध बसली. ती उठल्याशिवाय इंजिनाचा केसही हलणार नव्हता. एकेक करून बाकीच्या बायका आल्या, मागच्या ढिगातनं आपापल्या चपला शोधून पायात घातल्या आणि चौथऱ्याभोवती बसल्या.

“आता त्याला सांग,” बीबी म्हणाली. आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. “आमच्यात येणारा माणूस आपली वस्तू ठेवून निघतो. जाणारा आपली वस्तू घेऊन निघतो. तो येतो म्हणालाय. तर हे इथं राहील, तो येईल तेव्हा त्याच्या हातात देईन. आणि तो जाणारा असेल, तर तसं म्हणू दे. जातो म्हणाला की मी स्वतः लॉरीला धक्का मारते. पण त्याच्या तोंडानं ऐकणार मी. सगळ्यांनी ऐकू दे.”

हा रिवाज त्या गावात खरोखर होता, की बीबीनं पट्ट्यात बसल्या बसल्या काढला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं.

“अरे, येतो म्हणजे निरोप घेतला रे! शिष्टाचार असतो तो!”

“शिष्टाचाराला त्यांच्यात काय म्हणतात, मला येत नाही.”

“मग निघतो म्हण.”

“तेही येत नाही, साहेब. मला दोनच येतात. येणं न् जाणं.”

“बरं, मग सांग तिला की आम्ही जा—”

“अहो!” वहिनीसाहेब जीपमधनं अशा ओरडल्या की रमजानीच्या हातातला दोर पडला. “काय अभद्र बोलताय? समुद्रावरनं विमानानं जायचंय आपल्याला... म्हणजे यायचंय! आमचे बापूकाका असेच ‘जातो’ म्हणून उंबऱ्याबाहेर पडले. आले का परत?”

“त्यांची नागपूरला बदली झाली, सुमती.”

“आले का परत ते सांगा!”

साहेब म्हणजे मोठा माणूस, इंग्रजीत चेअरमनशी भांडणारा. पण तो शब्द त्यांच्याही जिभेवर चढेना. आपल्यात तो फक्त एकाच प्रवासाला वापरतात, आणि तो माणूस स्वतः काही बोलत नसतो.

ते रमजानीकडं वळले. रमजानी मोरोगोरोच्या बाजारात एका गुजराती शेटजीकडं वाढलेला, हिंदी फाडफाड बोलायचा. “तू समझाओ इसको! बोलो, हम लोग निकलता है!”

रमजानीनं खूप विचार केला. “साब, हमको भी वोही दो लफ्ज आता है. आप ‘जाता’ बोलो, मैं बोल देगा.” त्यानं माझ्याकडं बघून डोळासुद्धा मारला नाही. खरे बेरकी लोक डोळा मारत नाहीत, ते जास्तच गंभीर होतात.

“बाबू, माझ्या वतीनं तूच सांगून टाक.”

“ती तुमच्या तोंडचं मागते, साहेब. मराठीत चालेल म्हणते.”

मग साहेबांनी अख्खी मराठी उलथीपालथी केली. म्हणाले, रजा घेतो. मी म्हटलं, कुणाकडनं घेता असं विचारते. म्हणाले, आज्ञा असावी. मी सांगितलं, बीबी म्हणाली, आज्ञा ही की मशीन ठेवा. शेवटी वैतागून हात जोडले आणि म्हणाले, “पुन्हा भेटू, आजीबाई, पुन्हा भेटू!” ते मी मनापासनं भाषांतर केलं. बायकांनी अशी किलकारी मारली! पुन्हा भेटू म्हणजे येणारच, नक्की ठरलं.

ऊन कलायला लागलं. साहेबांनी एकदा सूर्याकडं बघितलं, एकदा कॅमेऱ्याकडं. पुढच्या गावचा उजेड हातचा चालला होता. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. “ही अडवणूक आहे! या बाईला म्हणावं, भेट दिलेली वस्तू आहे, उपकार मान! कशावर एवढा तोरा?”

मी सांगितलं. बीबी पट्ट्यात बसल्या जागी सरळ झाली. तिथं चौथऱ्याच्या कडेला आंब्याचा बुंधा होता, त्याच्याकडं तिनं बोट केलं.

“ते माझ्या आईनं लावलं होतं. मी पाडलं तेव्हा पोरं विचारायला लागली, बीबी, झाड कुठं गेलं? मी म्हटलं, गेलं. आता येणार नाही. म्हटलं की नाही? मला म्हणता आलं. मी शाळेत गेले नाही, विमानात बसले नाही. या एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय करतोय, ते तोंडानं म्हणता येत नाही? न म्हणता करता तेवढं येतं?”

हे मी सांगितलं ते साहेबांच्या अगदी समोर उभं राहून सांगितलं. एक शब्द गाळला नाही आणि एक वर लावला नाही. मी आयुष्यात इतकं मीठमसाल्याशिवाय कधी बोललेलो नाही. बोलता बोलता माझाच आवाज एवढा चढला की पत्रेवाला शिडी घेऊन आला आणि आपल्या छपरावरची केळीची पानं एकेक करून खाली टाकायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी तोंड उघडलं. ओठांची ‘जा’ची ठेवणही झाली. वहिनीसाहेबांनी जीपमध्ये डोळे मिटून कानांवर हात ठेवले. तातू पोटावर हात धरून उभी. बायकांत कुणी हललं नाही.

तोंड मिटलं.

“मरू दे ते इंजिन!” साहेब म्हणाले आणि लगेच जीभ चावून वहिनीसाहेबांकडं बघितलं. “राहू दे इथं. पुढच्या गावात नुसत्या चौथऱ्याचा काढतो फोटो. पायाभरणी म्हणून लिहू खाली. रमजानी, लॉरी घे पुढं! मिरजेला पोचू दे, मग बघतो एकेकाला.”

ते जीपमध्ये बसले. कुणाला राम राम नाही, नमस्कार नाही. जायच्या आधी काहीतरी बोलावं लागतं आणि बोलायला शब्दच उरला नव्हता.

बीबीनं एकेक करून पाय पट्ट्यातनं काढले. उतरताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. तातूनं टोपलीत राहिलेला मका उचलून गिरणीच्या तोंडापाशी आणून ठेवला. इंजिनाचे दोन नट सैल होते. गावात पाना धरता येणारा मी एकटाच.

जीपचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. साहेबांनी खिडकीतनं डोकं काढलं.

“बाबू! तुला वेगळं आमंत्रण पाहिजे? बस मागं!”

मी पहिल्या नटाला पाना लावला आणि गच्च आवळला.

“तुम्ही व्हा पुढं, साहेब,” मी म्हटलं. “एवढं दळण टाकतो न् आलोच.”